एकट्याने लग्नाचे चित्रण करताना स्लायडर आणि गिम्बल कधी हाती घ्यावे, कधी खाली ठेवावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यात एकट्यानेच लग्नांचे व्हिडिओ चित्रण करणाऱ्या एका तरुण व्यावसायिकाकडे दोन मिररलेस कॅमेरे, एक गिम्बल (चालताना कॅमेरा तीन अक्षांवर मोटारींनी सरळ ठेवणारी मूठ) आणि ६० सेंटिमीटरचा साधा स्लायडर (कॅमेरा सरळ रेषेत सरकवायचा छोटा रूळ) आहे. गिम्बल हातात असताना नेमके महत्त्वाचे क्षण निसटतात, स्लायडर तर बहुतेक लग्नांत पिशवीतून बाहेरच निघत नाही, आणि आता मोटारीवर चालणारा स्लायडर घेऊन तो मांडवाजवळ सुरू ठेवला तर दुसऱ्या माणसाची उणीव भरून निघेल का, असे त्यांनी विचारले आहे. मोटारीच्या स्लायडरविषयी शेवटी लिहितो, कारण त्याचे उत्तर आधीच्या दोन गोष्टींच्या उत्तरावर अवलंबून आहे.

एकट्याने काम करणाऱ्याला साधनांची निवड चित्र किती सुंदर येते यावरून करता येत नाही. एक साधन ठेवून दुसरे हाती घेऊन चित्रण सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, यावरून करावी लागते. घरी घड्याळ लावून पाहा. मोनोपॉडवरचा, म्हणजे एकाच पायाच्या स्टँडवरचा, कॅमेरा काही सेकंदांत तयार होतो. आधीच तोल साधलेला गिम्बल कुलपे उघडून, सुरू करून, स्थिर होईपर्यंत अर्धा-एक मिनिट घेतो, आणि भिंग बदलल्यामुळे तोल बिघडलेला असेल तर पाच मिनिटे सहज जातात. स्लायडर ट्रायपॉडवर चढवून, पातळी साधून, पहिली कामाची फ्रेम मिळेपर्यंत तितकाच वेळ लागतो. लग्नात जे एकदाच घडते ते या वेळांची वाट पाहत नाही. म्हणून माझा नियम असा आहे, की जे एकदाच घडणार आहे त्या वेळी हलणारे साधन हातात नसावे. जे स्वतःच चालत आहे त्याच्यासोबत गिम्बल असावा. आणि जे कुठेही जाणार नाही, वाट पाहत थांबू शकते, त्याच्यासाठी स्लायडर काढावा. तुमची अडचण साधनांची नसून, ती चुकीच्या वेळी हातात असण्याची आहे.

मुहूर्ताचेच उदाहरण घेऊ, कारण मराठी लग्नात सगळा ताण तिथे येतो. मामा मुलीला घेऊन मांडवाकडे निघतो, तेव्हा तिच्या पुढे उलट्या पावलांनी चालत घेतलेले गिम्बलचे दृश्य फार चांगले येते आणि ते सोडू नये. पण बहुतेक जण ते दृश्य तसेच ताणत मंचावर चढतात, वधू पाटावर उभी राहते, मंगलाष्टके सुरू होतात आणि चित्रणकार गिम्बल घेऊन भटजींच्या आणि करवल्यांच्या मध्ये अडकून पडतो. दोन-तीन कडवी झाल्यावर हाताला रग लागते, कोपर खाली येते, आणि शेवटच्या ‘सावधान’ला अंतरपाट खाली जातो तेव्हा फ्रेममध्ये कोणाचा तरी अक्षता फेकणारा हात असतो. त्याऐवजी मंचाच्या पायऱ्यांशी थांबा. वधूला फ्रेमबाहेर वर जाऊ द्या. तो शेवट एडिटिंगमध्ये अधिक चांगला दिसतो. मंगलाष्टके घरची माणसे हौसेने म्हणतात, कोणी स्वतः रचलेलीही म्हणतात, त्यामुळे पहिल्या दोन-तीन कडव्यांइतका वेळ तुमच्या हाती असतो. तेवढ्यात गिम्बल आधीच ठरवून ठेवलेल्या लाइट स्टँडवर बसवा, त्याचे तिन्ही अक्ष कुलूप करून तो निव्वळ एक स्थिर कॅमेरा करून टाका, रेकॉर्डिंग सुरू ठेवा आणि मोनोपॉडवरचा दुसरा कॅमेरा हाती घ्या. गिम्बलच्या मुठीच्या तळाला पाव इंचाचे आटे असतात. स्टँडवर तसा खिळा असला की काम भागते. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवायला विसरू नका, कारण अक्षता वाटणारी मुले नेमकी तिथूनच धावतात. अशा रीतीने दोन्ही कॅमेऱ्यांत मुहूर्त येतो, एकात रुंद आणि एकात चेहऱ्यांजवळचा, आणि तुम्ही एकटेच असता.

गिम्बल कुलूप न करता नुसत्या लॉक मोडमध्ये, म्हणजे मोटारींनीच दिशा धरून ठेवत, स्टँडवर सोडला तर चालेल का, असा प्रश्न पडेल. पाच-दहा मिनिटांपुरते चालते. परंतु गिम्बलच्या दिशा ओळखणाऱ्या सेन्सरचा अंदाज हळूहळू सरकत जातो आणि अर्ध्या तासाने वधूवर फ्रेमच्या कडेला गेलेले सापडतात. ज्या गिम्बलला अक्षांची कुलपे आहेत, त्याची ती वापरावीत.

आता गिम्बल ज्यासाठी आहे त्याविषयी. चालताना होणारी कॅमेऱ्याची हालचाल दोन प्रकारची असते: कॅमेरा फिरणे, म्हणजे डावी-उजवीकडे (पॅन), वर-खाली (टिल्ट) किंवा तिरपा (रोल) होणे, आणि कॅमेरा अख्खाच वर-खाली उचलला जाणे. तीन मोटारींचा गिम्बल फक्त पहिली हालचाल थोपवतो. गॅरेट ब्राऊन यांनी १९७०च्या दशकात तयार केलेल्या स्टेडिकॅममध्ये अंगावर बांधायचा स्प्रिंगचा हात होता, आणि पावलांची उसळी तो हात गिळून टाकत असे. २०१३मध्ये फ्रीफ्लाय कंपनीचा मोवी हा मोटारींचा गिम्बल आला आणि पाठोपाठ हातात धरायचे मोटारीचे गिम्बल स्वस्त होत गेले. त्यांत वजन कमी झाले, पण तो स्प्रिंगचा हातही गेला. म्हणून गिम्बलवरच्या दृश्यात माणूस चालत असल्याचा जो हेलकावा दिसतो, तो सेटिंग बदलून जाणार नाही. तो गुडघ्यांनीच घालवावा लागतो: गुडघे किंचित वाकवून, कोपरे पोटाशी घेऊन, पुढे जाताना टाच आधी आणि चवडा नंतर, मागे जाताना चवडा आधी आणि टाच नंतर, आणि नेहमीच्या निम्म्या वेगाने. सेकंदाला ५० फ्रेमवर चित्रण करून ते २५च्या टाइमलाइनवर निम्म्या वेगाने लावले की उरलेला हेलकावाही सौम्य होतो. मात्र जिथे बोलणे किंवा मंत्र ऐकू यायला हवेत तिथे हा उपाय उपयोगाचा नाही, हे लक्षात ठेवून तेवढा भाग २५वरच घ्यावा.

तोलाबाबत आळस करू नये. मोटारी समर्थ असल्या तरी त्या न साधलेल्या तोलाशी सतत झगडत राहतात, तापतात, बॅटरी खातात आणि फ्रेममध्ये बारीक थरथर आणतात. क्रम ठरलेला आहे: आधी भिंग समोर ठेवून कॅमेरा पुढेमागे सरकवत टिल्टचा अक्ष साधावा, मग भिंग वर छताकडे करून त्याच अक्षाची उंची, नंतर रोल आणि शेवटी पॅन. पॅन तपासताना मूठ साधारण ३० अंश कलती धरावी. गिम्बलचा हात आपोआप घरंगळत खाली येत असेल तर पॅनचा तोल अजून झालेला नाही. एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर, मायक्रोफोन, भिंगाची टोपी काढणे, कार्ड आणि बॅटरी भरणे हे सगळे तोल साधण्याच्या आधी झालेले असावे. फिल्टर नंतर चढवला की भिंगाकडचे वजन वाढते आणि सगळे पुन्हा करावे लागते. एकदा तोल साधला की प्लेटच्या आणि प्रत्येक अक्षाच्या कडेला नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवावी. लग्नाच्या घाईत रेघेला रेघ जुळवून कॅमेरा बसवणे हा तोल साधण्याचा सर्वांत वेगवान मार्ग आहे, आणि त्याला एक पैसाही पडत नाही.

याच कारणासाठी गिम्बलवर एकच भिंग ठेवावे, आणि ते झूम करताना लांब न होणारे असावे. पुढे सरकणाऱ्या झूम भिंगाने प्रत्येक वेळी तोल बदलतो. २० किंवा २४ मिलिमीटरचे प्राइम, म्हणजे झूम नसलेले, भिंग पुरेसे आहे. झूम हवेच असेल तर सोनीच्या १६-३५ एफ-४ पॉवर झूमसारखे आतल्या आत झूम होणारे घ्यावे, ज्याचे वजन ३५३ ग्रॅम आहे. सोनी ए-७ फोरसारखी बॉडी ६५८ ग्रॅमची, गिम्बल लहानात लहान घेतला, उदाहरणार्थ डीजेआयचा आरएस-३ मिनी, तरी तो साधारण ८०० ग्रॅमचा. म्हणजे हाताच्या टोकाला पावणेदोन-दोन किलो. दुकानात हे वजन हलके वाटते, पण वरातीत तासाभराने वाटत नाही. आरएस-३ मिनीची क्षमता २ किलोची आणि आरएस-३ची ३ किलोची आहे. बॉडी, भिंग, फिल्टर आणि मायक्रोफोन मिळून सव्वा-दीड किलोच्या आत बसत असेल तर मोठा गिम्बल घेऊन तुम्ही फक्त स्वतःचे खांदे दुखवून घ्याल.

कॅमेऱ्याच्या आतले स्थिरीकरण गिम्बलवर चालू ठेवावे की बंद, याला सरसकट उत्तर नाही. रुंद भिंगावर सेन्सर हलत असताना फ्रेमचे कोपरे जेलीसारखे डुचमळतात, म्हणून २० मिलिमीटरला मी ते बंद ठेवतो. ३५ किंवा ५०ला साधे स्थिरीकरण चालू असले तर बारीक थरथर कमी होते. फ्रेम कापणारे ‘अ‍ॅक्टिव्ह’ स्थिरीकरण गिम्बलवर नको. ते मोनोपॉडवरून उचलून हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी राखून ठेवावे.

मोडविषयी फार लिहीत नाही. चालताना पॅन फॉलो, म्हणजे टिल्ट आणि रोल जागच्या जागी, फक्त डावे-उजवे तुमच्या मागे येणारे. फॉलोचा वेग मंद आणि डेडबँड, म्हणजे मूठ किती वळली तरी गिम्बल दुर्लक्ष करतो ती मर्यादा, थोडा जास्त. बाकीचे मोड प्री-वेडिंगच्या हौसेसाठी आहेत.

गिम्बल खरा शोभतो तो बडोद्याच्या लग्नात आदल्या रात्रीच्या गरब्यात. आपल्याकडे मराठी घरांतही आता गरबा असतोच. गरब्याचे वर्तुळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. चित्रणकार बाहेर उभा राहून फिरणाऱ्या माणसांवर पॅन करत राहिला तर प्रत्येक चेहरा क्षणभर येतो आणि जातो. त्याऐवजी वर्तुळाच्या आतल्या कडेने, त्याच दिशेला, त्याच लयीत आडव्या पावलांनी चालावे. मग वधूचा चेहरा फ्रेममध्ये स्थिर राहतो आणि मागचे दिवे, माणसे, मंडप वाहत जातात. टाळी आणि गिरकी येते तेव्हा थांबायचे नाही, फक्त गुडघे आणखी थोडे वाकवायचे. एकाच फेरीत जे मिळते ते पुरेसे असते. त्यानंतर गिम्बल ठेवून ८५ मिलिमीटरने बाहेरून आजी-आजोबा घ्यावेत, कारण गरब्यात त्यांच्याकडे कोणीच पाहत नाही.

त्या रात्रीच्या दिव्यांबद्दल एक सावधगिरी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे आणि विजेवरचे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. म्हणून २५ फ्रेमला शटर १/५० आणि ५० फ्रेमला १/१०० ठेवले की सहसा पट्टे येत नाहीत. १०० फ्रेमवर मात्र १/१००पेक्षा मंद शटर मिळतच नाही, आणि सजावटीच्या स्वस्त एलईडी झालरी तर आपल्याच वेगळ्या गतीने लुकलुकतात. गरबा सुरू होण्याआधी त्या झालरीसमोर दहा सेकंदांची चाचणी घेऊन ती मोठी करून पाहा. गिम्बलवरच्या छोट्या पडद्यावर हे पट्टे दिसत नाहीत.

मिश्र लग्नांत, म्हणजे मुलगी आपल्याकडची आणि मुलगा गुजराती किंवा उलट, दिवस लांबतो आणि विधी एकमेकांत मिसळतात. वरघोडा, म्हणजे नवऱ्या मुलाची वरात, पार्टी प्लॉटच्या (लग्नासाठी भाड्याने मिळणाऱ्या मोकळ्या जागेच्या) दाराशी येईपर्यंत गिम्बल अगदी योग्य आहे. पण दारात पोंखताना, म्हणजे वराला ओवाळून आत घेताना, सासू जावयाचे नाक पकडते तो क्षण, आणि लाजाहोमाच्या वेळी वधूचा भाऊ वराचा कान पिळतो तो क्षण, हे दोन्ही निमिषात होऊन जातात आणि भोवती माणसांची भिंत असते. (एकाच लग्नात नवऱ्या मुलाचे नाक आणि कान दोन्ही धोक्यात येतात, तेव्हा घरचे सर्वांत मोठ्याने हसतात, त्या हसण्याचे चेहरेही घ्यावेत.) या दोन्ही ठिकाणी मोनोपॉड डोक्याच्या वर उचलून, पडदा खाली वळवून, ३५ मिलिमीटरवर थांबणे हाच उपाय आहे. गिम्बल दोन्ही हातांनी डोक्यावर धरला तर फोकसची चौकट हलवायला हात उरत नाही.

उलटे चालण्याआधी वाट स्वतः एकदा चालून पाहावी. पार्टी प्लॉटवर लाल गालिच्याखालून जाडजूड वायरी गेलेल्या असतात, आणि गालिच्याचे सांधे नेमके टाचेशी येतात. घरातला एखादा समजूतदार पोरगा पाठीला हात लावून वाट दाखवायला घ्यावा. ‘दादा, पायरी’ एवढेच त्याने म्हणायचे. या शहरात असा पोरगा प्रत्येक लग्नात मिळतो आणि तो स्वतःहून पुढे येतो.

आता तुमचा पिशवीतच राहणारा स्लायडर. तो बाहेर निघत नाही याचे कारण तुम्ही तो मांडवाजवळ वापरायला बघता. गणित साधे आहे. मांडवापासून ५ मीटरवर ६० सेंटिमीटर सरकलेला कॅमेरा वधूवरांना जेमतेम ७ अंशांनी वेगळ्या बाजूने पाहतो; प्रेक्षकाला ते हलकेसे पॅन केल्यासारखे वाटते, आणि त्यासाठी तुम्ही पाच मिनिटे घालवलेली असतात. तोच स्लायडर एखाद्या वस्तूपासून ५० सेंटिमीटरवर ठेवला तर तेवढ्याच सरकण्यात कॅमेरा तिच्याभोवती ६० अंशांहून अधिक फिरून येतो. स्लायडरची सगळी किमया जवळच्या आणि दूरच्या वस्तू एकमेकींपुढून सरकण्यात आहे. जवळ काही नसेल तर सरकण्याला अर्थ नाही.

आणि मराठी लग्नात स्लायडरसाठी जणू मुद्दाम मांडून ठेवलेली एक जागा असते, ती म्हणजे रुखवत. लांब टेबल, त्यावर करंज्या, लाडू, चिरोटे, क्रोशाचे रुमाल, सुपाऱ्यांना कपडे चढवून केलेले भटजी आणि वरवधू. हे सगळे स्थिर असते, लहान असते, एकमेकांच्या पुढेमागे असते आणि मुलीच्या आईने, मावश्यांनी महिनाभर बसून केलेले असते. तरी बहुतेक व्हिडिओंत ते उभ्या-उभ्या घेतलेल्या तीन सेकंदांच्या पॅनमध्ये संपते. पाहुणे जमायच्या आत, म्हणजे सकाळी लवकर, अर्धा तास रुखवताला द्या. स्लायडर ट्रायपॉडवर न ठेवता त्याच्या स्वतःच्या छोट्या पायांवर थेट टेबलाच्या कडेला किंवा शेजारच्या खुर्च्यांवर फळी टाकून ठेवा, कॅमेऱ्याचे भिंग सुपारीच्या भटजींच्या डोळ्यांच्या उंचीला आणा, ३५ किंवा ५० मिलिमीटरचे भिंग लावा, छिद्र एफ-४च्या आसपास ठेवा आणि फोकस हाताने त्या भटजींवर बांधून टाका. मग भिंगापासून वीतभर अंतरावर, फोकसबाहेर, लाडवांची चळत येऊ द्या आणि तिच्या आडून सरकायला सुरुवात करा. लाडू फ्रेममधून बाजूला होतात आणि मागून मुंडावळ्या बांधलेला सुपारीचा नवरा उघडा होतो. सुरुवातीला दोन सेकंद आणि शेवटी दोन सेकंद कॅमेरा अजिबात न हलवता रेकॉर्डिंग चालू ठेवा; एडिटिंगच्या वेळी त्या स्थिर टोकांची किंमत कळते.

हाताने ढकलताना वेग कमीजास्त होतो, ही तक्रार नेहमीची आहे. कॅमेऱ्याच्या प्लेटला एक रुंद रबरबँड अडकवा आणि कॅमेऱ्याला हात न लावता रबर ताणून ओढा. बोटांचा झटका रबरात जिरतो आणि कॅमेरा एकसारखा सरकतो. स्लायडर पट्टा आणि फिरत्या चाकाचा असेल तर त्याचीही गरज नाही.

दागिन्यांना एवढे सरकणेही नको. ठुशी किंवा चंद्रहार मखमलीवर ठेवून एका बाजूने लहान एलईडी दिवा जमिनीलगत टाकला की १० सेंटिमीटर सरकण्यातच सोन्यावरची चमक एका मण्यावरून दुसऱ्यावर जाते. कॅमेरा स्थिर ठेवून दिवाच हळू सरकवला तरी तोच परिणाम मिळतो, आणि मग स्लायडर काढायचीही आवश्यकता राहत नाही. दागिने हाताळताना घरचे कोणी तरी समोर बसलेले असावे, हा कलेचा नव्हे तर व्यवहाराचा मुद्दा आहे.

स्लायडर ट्रायपॉडवर मधोमध बसवणे टाळावे. कॅमेरा टोकाला गेला की एक किलो वजन मध्यापासून ३० सेंटिमीटर बाहेर येते, ट्रायपॉडचे डोके किंचित लवते आणि क्षितिज दोन्ही टोकांना दोन दिशांना कलते. लवणे डोळ्यांना दिसत नाही, पण चित्रात मांडवाचे खांब तिरपे होताना स्पष्ट दिसते. दोन्ही टोकांना आधार देता येत नसेल तर स्लायडर जमिनीवरच वापरावा. कॅमेरा पुढे सरकवायचा असेल आणि भिंग रुंद असेल, तर रुळाचे पुढचे टोक फ्रेममध्ये येते. तेव्हा कॅमेरा थोडा उंच करून समोरची वस्तूही तेवढीच उंचावर घ्यावी.

पार्टी प्लॉटचा मंच बहुधा लोखंडी सांगाड्यावर टाकलेल्या फळ्यांचा असतो. कोणी जिन्यावरून धावत चढले की त्यावरचा ट्रायपॉडही हलतो, मग त्या ट्रायपॉडवरचा स्लायडर तर अधिकच. मंचावर काही ठेवायचे असेल तर तो फक्त कुलूप करून न हलणारा केलेला कॅमेरा, तोही कोपऱ्यातल्या खांबाशी. शक्य असेल तर मंचाबाहेर हिरवळीवर पाय रोवून उभा केलेला उंच स्टँड बरा. हिरवळीवर रात्री पाणी मारलेले असते, म्हणून पाय आधी दाबून बसवावेत. नाहीतर तासाभरात स्टँड कलतो.

अक्षतांचा उल्लेख वेगळा करावा लागेल. हळद-कुंकू लावलेले तांदूळ स्लायडरच्या खाचेत गेले की चाक त्यावरून जाताना ठक्कन उडते, आणि गिम्बलच्या मोटारीच्या फटीत दाणा अडकला तर मोटार घरघरत एका कोनात थांबते. गिम्बल तसाच चालू ठेवून हाताने फिरवू नये. बंद करावा, कॅमेरा उतरवावा, तो अक्ष उलटा करून दाणा गळून पडू द्यावा. एक मऊ ब्रश खिशात असावा. मुहूर्ताआधी गिम्बल स्टँडवर ठेवताना मोटारींवर पातळ रुमाल बांधला तर हा त्रास टळतो, फक्त तो भिंगाआड येत नाही हे पाहावे.

एक पर्याय अनेक जण विचारतात: गिम्बल नेऊच नये, हाताने घ्यावे आणि नंतर संगणकावर स्थिर करावे. आजचे अनेक कॅमेरे जायरोची, म्हणजे कॅमेरा कसा हलला हे मोजणाऱ्या सेन्सरची, नोंद फाइलमध्ये ठेवतात आणि सोनीचे कॅटॅलिस्ट किंवा गायरोफ्लोसारखी साधने त्यावरून चित्र बऱ्यापैकी स्थिर करतात. पण त्यासाठी शटर वेगवान लागते, नाहीतर फ्रेम स्थिर दिसते आणि तिच्यातली धूसरता मात्र धक्क्याधक्क्याने येत राहते. दिवसा मोकळ्या जागेत वरातीसाठी हे चालते. संध्याकाळच्या मांडवात १/५०वर ते चालणार नाही. फ्रेमचा काही भाग कापला जातो, तोही आधी धरून चालावे लागते.

दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या जुन्या घरांत गृहप्रवेश असेल तर तिथली अरुंद बोळे आणि अंधारे जिने पाहता गिम्बलची सवय उलटी वापरावी. मूठ वर आणि कॅमेरा खाली असा धरून, उंबऱ्याच्या आत, जमिनीपासून हातभर उंचीवर अजिबात न चालता थांबावे. माप ओलांडताना तांदूळ पुढे येतात ते कॅमेऱ्याकडे येतात, आणि मागे दारात उभी सून पावलापासून चेहऱ्यापर्यंत त्याच फ्रेममध्ये येते. ‘वहिनी, पुन्हा एकदा’ असे म्हणू नये. घरच्यांनी कौतुकाने होकार दिला तरी दुसऱ्यांदा ओलांडलेले माप चेहऱ्यावर वेगळे दिसते.

या सगळ्याचा सराव कधी करायचा, तर कमुरत्यात. साधारण १६ डिसेंबरपासून मकरसंक्रांतीपर्यंत गुजराती घरांत लग्ने नसतात आणि आपल्याकडेही जवळजवळ थांबलेली असतात. तो महिना गिम्बलचे कॅलिब्रेशन, मोटारींचा जोर पुन्हा ठरवणे, स्लायडरची चाके साफ करणे आणि घरातल्या जिन्यावर गुडघे वाकवून चालणे यासाठी राखून ठेवावा. उन्हाळ्यातल्या लग्नांसाठीचा एक सराव वेगळा: बडोद्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा गिम्बल सहसा कुरकुर करत नाही, कॅमेरा करतो. कॅमेऱ्याचा पडदा बॉडीपासून दूर उघडा ठेवावा, तापमानाची मर्यादा वाढवण्याचे सेटिंग असेल तर ते करावे, आणि ज्या कॅमेऱ्याला मांडवात तासभर चालायचे आहे त्याला ५० फ्रेमच्या ४-के वर लावू नये.

आता मोटारीचा स्लायडर. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आपोआप येत-जात राहतो, हे खरे आहे, आणि पुण्याहवाचनासारख्या बसून चालणाऱ्या, संथ विधीत त्याचा थोडा उपयोगही होतो. पण तो दुसऱ्या माणसाची जागा घेऊ शकत नाही, आणि याचे कारण यंत्रापेक्षा एडिटिंगमध्ये आहे. सरकणारे दृश्य दोन स्थिर दृश्यांमध्ये लावायचे तर सरकणे कट येण्याआधी सुरू झालेले असावे आणि पुढच्या कटपर्यंत चालू राहावे. आपोआप फिरणारा स्लायडर टोकाला पोहोचून थांबतो आणि उलटा वळतो, आणि नेमका त्याच वेळी वडिलांनी मुलीच्या हातावर पाणी सोडले तर ते दृश्य वापरता येत नाही. दुसरा माणूस असता तर तो वळण थोपवून उभा राहिला असता. शिवाय ५ मीटरवरून ७ अंशांचे गणित मोटार लावल्याने बदलत नाही. मांडवाच्या जवळ नेला तर तो भटजींच्या आणि पाहुण्यांच्या पायांत येतो, मोटारीची बारीक कुरकुर जवळच्या मायक्रोफोनमध्ये मंत्रांबरोबर ऐकू येते, आणि राखण करायला कोणी नसलेल्या महागड्या वस्तूकडे तुमचे अर्धे लक्ष लागून राहते.

म्हणून तो खर्च सध्या करू नये. त्याच्या काही भागात तळाला लहान पाय असलेला चांगला मोनोपॉड आणि एक भक्कम लाइट स्टँड येतो, आणि उरलेल्या पैशांत एखादा जुना, दुसऱ्या हातचा, रुंद भिंगाचा तिसरा कॅमेरा घेता येतो, जो मांडवासमोर सकाळपासून न हलता चालू राहील. मोटारीचा स्लायडर एखाद्या मोठ्या लग्नासाठी हवाच वाटला तर भाड्याने आणावा, आणि तोही आधी रुखवतावर लावून बघावा. तिथे तो सकाळी अर्धा तास चालेल, तुम्ही शेजारीच असाल, आणि त्याची मोटार किती आवाज करते तेही मंत्र सुरू होण्याआधीच कळेल.